दीपगृह आतून बघायचंय, आग्वाद सोडून बेटावरचं कुठलं?

मांडवीपार
नमस्कार मंडळी. आम्ही पर्वरीला राहतो. लेक पाचवीत आहे, शाळेत कुठल्यातरी धड्यात दीपगृह आलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. मागच्या रविवारी आग्वादला नेलं. किल्ल्यात मधोमध ते पांढरं गोल जुनं दीपगृह आहे ना, त्याच्याभोवती बाईसाहेबांनी तीन फेऱ्या मारल्या. दाराला कुलूप, आत कोणालाच सोडत नाहीत. सगळे त्याला पाठ करून सेल्फी काढत होते. ती मला म्हणाली, "आई, यात दिवा पण नाही लागत, मग हे दीपगृह कसलं, दीपगृहाचा फोटो आहे."

तर प्रश्न दोन. एक, वर चढून दिवा बघता येईल असं जवळ काय आहे? दोन, तिला खरं म्हणजे बेटावरचंच हवंय, चित्रात असतं तसं, चारी बाजूंनी पाणी आणि मधे मनोरा. गोव्यात किंवा गोव्याहून तीन-चार दिवसांत जमेल असं काही? खर्च बेताचा. आणि आमच्या ह्यांना बोट लागते, हे आधीच सांगते.

बांगडा_फ्राय
ह्यांना किनाऱ्यावर शॅकमध्ये बसवा. त्यांचंही भलं होईल, तुमचंही.

शिवराक_गुरुवार
ताई, आग्वादलाच नवीन दीपगृह आहे की, जुन्यापासून चालत पाच मिनिटं, चौकोनी उभं. तिथे वर सोडतात. फक्त वेळ संध्याकाळची, तीही थोडीच. आम्ही सकाळी अकराला गेलो होतो, फाटकापाशी उभं राहून परत आलो. बहुतेक सगळीकडे दुपारनंतरच सोडतात, कारण रात्रभर दिवा चालवणाऱ्या माणसांनी सकाळी झोपायचं नाही का?

मांडवीपार
अय्या, ते चौकोनी आम्हाला पाण्याची टाकी वाटली!!

बांगडा_फ्राय
टाकी खाली जमिनीत आहे. तिच्यावरून तुम्ही चालत गेलात. 😄

इतिहासाची_वही
वरचं विनोदात आलंय पण खरंय. आग्वाद हे नावच 'आग्वा' म्हणजे पाणी यावरून. १६१२ मध्ये किल्ला पुरा झाला, आणि वरच्या किल्ल्याच्या पोटात जी टाकी आहे तिच्यात २३ लाख ७६ हजार गॅलन पाणी मावायचं. लिस्बनहून निघालेली गलबतं आफ्रिकेला वळसा घालून इथे यायची, तेव्हा त्यांना सोन्यानाण्याच्या आधी गोडं पाणी लागायचं. म्हणजे पोर्तुगीजांनी आधी प्याऊ बांधली आणि भोवती तोफा लावल्या असंही म्हणता येईल.

दीपगृहाचं म्हणाल तर जुनं १८६४ चं. १९७६ मध्ये नवीन सुरू झाल्यावर ते बंद केलं. 'आशियातलं सर्वांत जुनं दीपगृह' असं जे सगळे गाईड ठोकून देतात त्यावर विश्वास ठेवू नका. सिंगापूरच्या तोंडावर पेद्रा ब्रांका नावाचा खडक आहे, त्याच्यावरचं हॉर्सबर्ग दीपगृह १८५१ चं, म्हणजे तेरा वर्षं आधीचं. गंमत म्हणजे त्या खडकाचं नावही पोर्तुगीजच, पांढरा दगड. आणि मकावचं गिया दीपगृह १८६५ चं, ते आपल्या आग्वादचं धाकटं भावंड म्हणायला हरकत नाही, मालक एकच, पोर्तुगीज.

डिचोलीचा_मास्तर
वही, तुम्ही ते सात मिनिटांचं नाही लिहिलंत. नेटवर सगळीकडे आहे, की सुरुवातीला तेलाचा दिवा होता आणि तो सात मिनिटांतून एकदा चमकायचा, मग १८३४ मध्ये तो तीस सेकंदांवर आणला.

इतिहासाची_वही
मास्तर, मुद्दाम नाही लिहिलं. तुम्हीच बघा, बांधलं १८६४ ला आणि सुधारणा १८३४ ला? पोर जन्माला यायच्या तीस वर्षं आधी त्याचं बारसं? एकाने लिहिलं आणि बाकीच्यांनी डोळे झाकून उचललं. शाळेत असं उत्तर आलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?

डिचोलीचा_मास्तर
अर्धा मार्क दिला असता. अक्षर चांगलं असेल तर. 🙂

पण थांबा, इथे एक गाठ आहे. जुन्या गोव्याच्या सेंट ऑगस्टीनची मोठी घंटा, जी आज पणजीच्या चर्चमध्ये आहे, ती १८४१ मध्ये आग्वादच्या दीपगृहात लावली असं लिहिलेलं मिळतं. तिथून ती १८७१ मध्ये पणजीला आली. आता १८६४ च्या दीपगृहात १८४१ ची घंटा कशी बसली? म्हणजे आजच्या मनोऱ्याच्या आधी किल्ल्यावर दिव्याची काहीतरी सोय असणारच. मग १८३४ वाला अगदीच पास नाही तरी एटीकेटी द्यायला हवी.

इतिहासाची_वही
हे मान्य. आजचा मनोरा १८६४ चा, दिव्याची जागा त्याहून जुनी. पण सात मिनिटं मला पटत नाही ती नाहीच. सात मिनिटं काळोख म्हणजे तेवढ्यात शिडाचं जहाज खडकावर जाऊन परत येईल.

बांगडा_फ्राय
परत नाही येणार.

काणकोणकार
विषय बेटाचा होता ना. गोव्याचं बेट म्हणून पहिलं नाव येतं ते अंजदीव, आमच्या खाली, कारवारच्या समोर. कागदावर गोव्याचं, पण तिथे नौदलाचा तळ आहे, सामान्य माणसाला प्रवेश नाही. पूर्वी २ फेब्रुवारीला तिथल्या चर्चच्या ब्रोतास सायबिणीच्या फेस्ताला, म्हणजे जत्रेला, होडीतून माणसं जायची, आमच्या शेजारची म्हातारी अजून सांगते, ते बंद झालं. तेव्हा पोरीला नाव सांगा, दाखवायचं विसरा.

इतिहास मात्र जबर आहे. वास्को द गामा १४९८ ला परतताना तिथे थांबला होता. मुंबई आंदणात मिळाली म्हणून ती ताब्यात घ्यायला आलेली इंग्रजांची फौज १६६० च्या दशकात तिथेच अडकली, पोर्तुगीज काही मुंबई सोडेनात, आणि वाट बघता बघता बहुतेक सगळे तापाने मेले. शेकड्यांनी. आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीजांनी साबरमती बोटीवर गोळ्या झाडल्या त्या तिथूनच, मग महिन्याभरात गोवा मुक्त झाला ते सगळ्यांना माहीत आहे.

कारवारच्या समोर आणखी एक देवगड बेट आहे, ऑयस्टर रॉक म्हणतात, त्यावर १८६० च्या दशकातलं ब्रिटिशांचं दीपगृह आहे. किनाऱ्यावरून दिसतं. लांबून बघायचं असेल तर गोव्याच्या हद्दीवरच्या पोळे गावापासून पुढे पाऊण तासाचा रस्ता.

थळची_माहेरवाशीण
माझं सासर म्हापशाला पण माहेर अलिबागजवळ थळ, तेव्हा मी बोलणारच. ताई, खांदेरीला जा! चारी बाजूंनी पाणी, किल्ला, आणि माथ्यावर दीपगृह, चित्रातलंच. १८६७ मध्ये बांधलेलं, अष्टकोनी मनोरा. थळच्या बंदरावरून आपल्या कोळ्यांच्या होड्या जातात, ठरवून न्यावी लागते, दर कमी-जास्त होतो, घासाघीस करा पण फार नाही, डिझेल महाग आहे. दीपगृहाच्या आत जायचं असेल तर परवानगीचं आधी विचारून ठेवा.

किल्ला शिवाजी महाराजांनी १६७९ ला बांधायला घेतला, इंग्रज आणि सिद्दी दोघेही अडवायला आले तरी काम थांबलं नाही. आता मागच्याच वर्षी, २०२५ मध्ये, युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले त्यात खांदेरी आहे. तिथे एक दगड आहे, दुसऱ्या दगडाने ठोकला की भांड्यासारखा वाजतो, टण्ण. आम्ही लहानपणी त्याच्यासाठीच भांडायचो. आणि वेताळाचं ठाणं आहे, कोळी लोक त्याला मानल्याशिवाय पुढे जात नाहीत.

काणकोणकार
वेताळ? अहो मग तो आमचाच की. लोलयेला बेताळ बघा येऊन, उभा, मुंड्यांची माळ घातलेला. आमोण्यालाही आहे.

थळची_माहेरवाशीण
आमचा मूर्तीचा नाही, शिळा आहे, पांढरी रंगवलेली. पण फिरतो दोघेही रात्री, चपला दोघांच्याही झिजतात. 🙏

बांगडा_फ्राय
म्हणजे किनारपट्टीवर रात्रपाळीला दोन खाती. दीपगृह आणि वेताळ.

बार्जवाला
मी इथे वाचतो जास्त, लिहितो कमी. आता निवृत्त आहे. पण विषय बत्तीचा आला म्हणून लिहितो. आम्ही दीपगृह म्हणत नाही, बत्ती म्हणतो. माझे वडील फारोल म्हणायचे.

मी खनिज वाहणाऱ्या बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीवर होतो, २०१२ ला खाणी बंद पडल्या तोपर्यंत. सारमानस, आमोणा इथे माल भरायचा आणि मांडवीतून बाहेर पडून मुरगावला मोठ्या बोटीपाशी न्यायचा. नदीत असताना काही वाटत नाही, दोन्ही बाजूला माड, दिवे, घरं. पण मांडवीच्या तोंडाशी रेतीचा बांध आहे पाण्याखाली, आम्ही त्याला आग्वादचा बार म्हणतो. दिसत नाही. पाणी नुसतं वेगळं उठतं तिथे. भरलेली बार्ज पाण्यात इतकी खाली बसते की डेकवर उभं राहिलं तर लाट पायाशी येते, आणि त्या बारवरून जाताना बार्ज तळाला लागली तर संपलं. म्हणून पावसाळ्यात तो रस्ता बंदच करतात. मग जूनपासून आम्ही कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारी नदीत उतरायचो आणि तिथून मुरगाव. तो कालवा अरुंद, समोरून दुसरी बार्ज आली की घाम, आणि काठावर मगरी. पर्यटक आता पैसे देऊन बघायला जातात त्या मगरी. आम्हाला फुकट होत्या.

बत्तीचं काम लोकांना कळत नाही म्हणून सांगतो. बत्ती रस्ता दाखवत नाही. ती फक्त सांगते, मी इथे आहे. तू कुठे आहेस ते तुझं तू काढ. प्रत्येक बत्तीची चमकायची पद्धत वेगळी असते, किती सेकंदांनी, एकदा की दोनदा, आणि ते नकाशावर आणि पुस्तकात छापलेलं असतं. माझा पहिला तांडेल, म्हणजे बोटीवरचा म्होरक्या, अक्षरशत्रू होता पण किनाऱ्यावरची प्रत्येक बत्ती मोजून ओळखायचा. मला सांगायचा, चमक बघू नको रे, काळोख मोज. चमकेला सगळ्या सारख्याच.

त्या मुलीला वर चढवा, जरूर. पण आधी एकदा रात्री मिरामारला उभी करा आणि समोरची बत्ती मोजायला लावा. वर चढून दिवा दिसतो, बत्ती दिसत नाही.

मांडवीपार
काका, हे मी तिला आत्ता वाचून दाखवलं. "काळोख मोज" हे ती तीनदा म्हणाली. उद्याच मिरामारला जातो. तुम्ही लिहित जा हो जास्त.

शिवराक_गुरुवार
बार्जवाले काका, एक बाळबोध प्रश्न. एवढी बत्ती समोर असून ते रिव्हर प्रिन्सेस जहाज कसं अडकलं सिकेरीच्या किनाऱ्याजवळ? आम्ही कॉलेजात होतो, बारा वर्षं ते धूड तिथेच.

बार्जवाला
ते २००० चा जून, वादळ. सव्वादोनशे मीटरच्या वरचं जहाज, वाऱ्याने ढकलत आणलं. कुठे आहोत ते माहीत असणं वेगळं आणि तिथून हलता येणं वेगळं. बत्तीला दोर नसतो.

डिचोलीचा_मास्तर
शिक्षकी पेशाला जागून थोडं भौतिकशास्त्र. मुलीला घरी करता येईल असं. दिवा किती लांबून दिसेल हे नुसतं दिव्याच्या ताकदीवर नाही, उंचीवर आहे, कारण पृथ्वी गोल. उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, ३.५७ ने गुणा, क्षितिज किती किलोमीटरवर ते मिळतं. दिवा समुद्रापासून ८० मीटरवर असेल तर साधारण ३२ किलोमीटर. आणि बघणारा स्वतः जहाजावर उंच उभा असेल तर त्याचं क्षितिज आणखी वर मिळवायचं. म्हणून मनोरे टेकडीवर बांधतात. आग्वादला टेकडी आयती मिळाली म्हणून मनोरा बुटका चालला. सपाट बेटावर मात्र मनोराच उंच बांधावा लागतो.

दुसरं भिंगाचं. पूर्वी दिव्यामागे आरसे लावायचे, निम्मा प्रकाश वाया. १८२० च्या दशकात फ्रेनेल नावाच्या फ्रेंच इंजिनियरने डोकं लढवलं. जाड भिंगाचा पोटातला काचेचा गाभा काही कामाचा नसतो, प्रकाश वळतो तो पृष्ठभागावर. मग त्याने गाभा काढून टाकला आणि नुसत्या कडा एकात एक बसवल्या. कांदा आडवा कापला की चकत्या दिसतात ना, तशा काचेच्या कड्या. मोठाल्या भिंगांचा डोलारा पाऱ्याच्या हौदात तरंगत ठेवायचे, मग टनभर वजन एका बोटाने फिरतं.

बांगडा_फ्राय
मास्तरांच्या वर्गात आम्ही असतो तर आज इथे वेळ घालवत नसतो.

बोटीतला_भटक्या
सपाट बेटावर उंच मनोरा म्हणालात म्हणून. मिनिकॉय. लक्षद्वीपचं सगळ्यात दक्षिणेकडचं बेट. बेताच्या खर्चात बसत नाही आणि तीन-चार दिवसांत तर नाहीच, तरी लिहितो, कारण मी आयुष्यात बघितलेलं सगळ्यात खरं दीपगृह तेच.

आधी कटकट. लक्षद्वीपला जायला परमिट लागतं, ते मिळेपर्यंत चकरा. मडगावहून रेल्वेने कोची, तिथून बोट. आमची बोट एक दिवस उशिरा सुटली, कारण कोणी सांगितलं नाही, कोचीत एका लॉजमध्ये भिंतीवरची पाल बघत बसलो. बोटीत पहिली रात्र मी पण गार. ताईंच्या ह्यांना माझी सहानुभूती.

पण मग दुसऱ्या दिवशी क्षितिजावर काहीच नसताना एक पांढरी रेघ उभी दिसते. बेट नाही दिसत, बेट दिसणारच नाही, ते पाण्याला चिकटून पसरलंय, दहाएक किलोमीटर लांब आणि अगदी अरुंद, माडांपेक्षा उंच काही नाही. फक्त ती रेघ. तो मनोरा. आधी मनोरा, मग बऱ्याच वेळाने माडांचे शेंडे, आणि सगळ्यात शेवटी जमीन. मास्तरांचं वर्गमूळ मी डोळ्यांनी बघितलंय.

१८८५ मध्ये ब्रिटिशांनी बांधलं. १८६९ ला सुएझ उघडल्यावर युरोपातून कोलंबोकडे जाणारी सगळी जहाजं याच्या अंगावरून जायला लागली, आणि रात्री हे बेट म्हणजे पाण्यात अंथरलेला सापळा. सत्तेचाळीसला देश स्वतंत्र झाला तरी हे दीपगृह ब्रिटिशांनी सोडलं नाही, १९५६ मध्ये आपल्याकडे आलं.

आत गोल जिना. पायऱ्या मोजायला सुरुवात केली होती, शंभरानंतर नाद सोडला, श्वास मोजायला लागलो. भिंत इतकी जाड की खिडकीच्या कोनाड्यात माणूस आडवा झोपेल. वर एका जागी पितळेचं दार, इतकं घासलेलं की त्यात माझं घामेजलेलं तोंड दिसलं. बाहेर सज्जात आलो आणि वाऱ्याने टोपी गेली, ती माडांवरून गिरक्या घेत लगूनच्या, म्हणजे प्रवाळाने वेढलेल्या उथळ पाण्याच्या बाजूला गेली. एका बाजूला लगूनचं पाणी, हिरवं म्हणावं तर हिरवं नाही, आणि दुसऱ्या बाजूला प्रवाळाच्या कडेपलीकडे एकदम काळं निळं. मधे रेघ आखल्यासारखी पांढरी लाट. खाली टूना सुकत घातलेला, त्याचा वास तिथवर.

तिथले लोक महल भाषा बोलतात, मालदीवच्या भाषेचीच बहीण. बेटाला मलिकू म्हणतात. मी तोडक्यामोडक्या हिंदीत दीपगृहावरच्या माणसाला विचारलं कंटाळा येत नाही का. तो म्हणाला, आपको इधर चढके बोर हुआ क्या? मी नाही म्हणालो. तो म्हणाला, बस.

थळची_माहेरवाशीण
वाचूनच चक्कर आली. टोपी मिळाली का?

बोटीतला_भटक्या
दुसऱ्या दिवशी एका पोराच्या डोक्यावर दिसली. त्याला जास्त शोभत होती.

शिवराक_गुरुवार
लक्षद्वीपला शाकाहारी काय मिळतं?

बांगडा_फ्राय
नारळ.

इतिहासाची_वही
एक पुरवणी. सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये देशभरातल्या ७५ दीपगृहांवर पर्यटनाच्या सोयी सुरू केल्या, आणि त्याच्या आधी सप्टेंबर २०२३ मध्ये पहिला दीपगृह महोत्सव भरला तो आपल्या आग्वादवरच. रोषणाई, गाणीबजावणी सगळं झालं. जुन्या दीपगृहाचं कुलूप मात्र तसंच. मला विचाराल तर महोत्सवाच्या एका संध्याकाळच्या खर्चात आतला जिना नीट करून दहा-दहा माणसं सोडता आली असती.

डिचोलीचा_मास्तर
थोडं असहमत. तो जिना जुना आणि अरुंद असणार, रविवारी तिथे हजारभर माणूस येतो, त्यातले निम्मे रील काढणारे. एक जण घसरला तर उरलेलंही बंद होईल. कुलूप मला खटकतं पण कळतं. त्यापेक्षा आत काय होतं ते बाहेर एका फलकावर काढून लावा, चित्र, भिंग, जिना. आज तिथे उभ्या माणसाला तो मनोरा काय करायचा हेच कळत नाही.

इतिहासाची_वही
फलकावर १८३४ लिहिणार नसतील तर माझा पाठिंबा.

काणकोणकार
आग्वादला गेलाच आहात तर खालचं तुरुंगाचं संग्रहालयही करा. २०१५ ला कैदी कोलवाळच्या तुरुंगात हलवले, आणि डिसेंबर २०२१ मध्ये ते खुलं झालं. १९४६ ला राममनोहर लोहियांना तिथेच ठेवलं होतं. लेकीला ते दीपगृहाइतकं आवडणार नाही कदाचित, पण वरून जहाजांना दिवा आणि खालच्या कोठड्यांत माणसं, एकाच टेकडीवर. मला ते नेहमी विचित्र वाटतं.

मांडवीपार
आले परत, वृत्तांत द्यायला. दोन दिवसांत जमवलं.

आधी मिरामार. रात्री आठला गेलो, चणे घेतले, वाळूत बसलो. कॅसिनोंचे दिवे, पुलाचे दिवे, गाड्यांचे दिवे, आणि समोर पाण्यापलीकडे टेकडीवर बत्ती. इतकी वर्षं मिरामारला जाते, माझं कधी लक्ष गेलं नव्हतं, शप्पथ. लेक मोजायला बसली. पहिल्यांदा एक आकडा आला, मग दुसराच, मग तिसरा. चिडली. मी मोबाईलमधलं घड्याळ देऊ केलं तर नको म्हणाली, काकांच्या तांडेलकडे मोबाईल होता का? उत्तर नव्हतं माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी नवीन दीपगृह, चारच्या आधीच फाटकापाशी. तिकीट माणशी वेगळं, कॅमेऱ्याचं वेगळं. जिना ठीक आहे, शेवटी एक लोखंडी शिडी आहे ती उभी, तिथे माझे पाय लटपटले, ती माकडासारखी वर. ह्यांना बोट लागते तशी उंची पण लागते हे लग्नानंतर चौदा वर्षांनी कळलं, ते खालीच थांबले.

वर काचेच्या खोलीला आतून पडदे ओढलेले! मला वाटलं उन्हासाठी. तिथल्या दादांनी सांगितलं, उन्हासाठीच, पण आपल्यासाठी नाही. हे भिंग दिवा बाहेर फेकतं तसं दिवसा ऊन आत ओढतं, एका जागी गोळा करतं, जाळ होऊ शकतो. लेकीने लगेच कागद आणि भिंगाचं सांगितलं, गच्चीवर तिने एकदा माझी बेडशीट जाळली होती ते पण सांगितलं. मग त्यांनी पडदा जरासा सारून दिवा दाखवला. ताई-दादांनो, एवढासा बल्ब. माझ्या करंगळीपेक्षा थोडा मोठा असेल. भोवती त्या मास्तरांच्या कांद्याच्या चकत्या, आणि प्रत्येक चकतीत तिचं तोंड उलटं, पंधरावीस तोंडं. ती जीभ काढून बघत होती, सगळ्या तोंडांनी जीभ काढली.

बाहेर सज्जात वारा. समोर काबो, त्याच्या मागे मुरगाव, आणि खाली मांडवीचं तोंड. मी काकांचा बार शोधत होते. आधी काही दिसेना. मग दिसलं, नदीचं पाणी मातकट, समुद्राचं हिरवं, आणि दोन्ही मिळतात तिथे एका पट्ट्यात लाटा उगाचच फुटत होत्या, किनारा नसताना. काका, तोच ना?

बार्जवाला
तोच.

मांडवीपार
खांदेरी मे महिन्याच्या सुट्टीत. थळच्या ताई, तुम्हाला मेसेज करते.

थळची_माहेरवाशीण
करा करा. पण मे संपायच्या आत. १ जूनपासून मासेमारी बंदी, होड्या वर ओढतात, मग नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याला कोणी हात लावत नाही. माझा चुलतभाऊ नेईल. ह्यांच्यासाठी आलं-लिंबू घेऊन ठेवा.

बांगडा_फ्राय
की ह्यांना वेताळाकडे ठेवू?

बार्जवाला
मांडवीपार, मुलीचे आकडे का चुकले ते सांगतो. एक तर ती चमक विझल्यापासून पुढची लागेपर्यंत मोजत असेल कधी, आणि कधी लागल्यापासून लागेपर्यंत. एकच पद्धत धरायची, लागली की सुरू, परत लागली की थांब. दुसरं, नुसतं एक दोन तीन म्हटलं की माणूस घाईत धावतो. आम्ही एक हजार एक, एक हजार दोन असं म्हणायचो, त्याने सेकंद नीट भरतो. आणि एकदा मोजून भागत नाही, दहा वेळा मोजायचं आणि दहाने भागायचं. तिसरं म्हणजे मिरामारवरून ट्रॉलरच्या दिव्यांची गल्लत होते, ते हलतात. बत्ती हलत नाही. दोन माडांच्या मधे धरून ठेव म्हणावं. मग तिचा आकडा मला कळवा, मी पुस्तकातला सांगतो.

मांडवीपार
काका, तिला दाखवलं. ती म्हणतेय पुस्तकातला सांगू नका. आज परत जातोय मिरामारला. ह्यांनी चणे घ्यायचं काम अंगावर घेतलंय.